मित्रासोबत दुचाकीवरून कोकणातले आडवाटेचे किनारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र थंडीत एकदा तरी गाडी काढून कोकणात उतरतो. परत आलो की ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. सगळं दिवेआगर ते रत्नागिरी या पट्ट्याबद्दल आहे, कारण तोच आम्ही पुन्हा पुन्हा पायाखाली घातला आहे.

हाच पट्टा का? अलिबाग किंवा मालवण का नाही?

अलिबाग, काशीद सुंदर आहेत, पण शनिवार-रविवारी तिथे वाळूपेक्षा माणसं जास्त दिसतात. मालवण-तारकर्लीला जायला-यायलाच पुण्याहून दोन पूर्ण दिवस मोडतात. मधल्या पट्ट्यात सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन मोठ्या नद्या समुद्राला मिळतात. त्यांच्या खाड्यांमुळे मुंबई-गोवा महामार्गापासून किनारा दूर पडला, आणि दूर पडला म्हणूनच शांत राहिला. बसभरून माणसं येतात ती श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरुड-कर्दे, गणपतीपुळे इथे. या ठिकाणांच्या अधल्यामधल्या गावांकडे फारसं कुणी वळत नाही. शेखाडी, वेळास, केळशी, आडे, पाडले, कोळथरे, बुधल, रोहिले ही आमची ठिकाणं.

किती दिवस हवेत? रोज किती अंतर कापायचं?

पुण्याहून निघून परत यायला सहा दिवस. चार दिवसांतही होतं, पण मग त्यात फक्त रस्ताच दिसतो.

आमचा क्रम असा. पहिल्या दिवशी ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. दुसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोट आणि पलीकडे वेसवीहून वेळास. तिसऱ्या दिवशी केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै. चौथ्या दिवशी लाडघर, कोळथरे, दाभोळ, बोटीने धोपावे आणि गुहागर. पाचव्या दिवशी पालशेत, बुधल, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले करत तवसाळ, तिथून बोटीने जयगड आणि मुक्काम मालगुंडला. सहाव्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर आणि घर. शेवटचा दिवस लांबलचक आहे. दोघांनाही गाडी चालवता येत असेल तरच तो एका दमात करा, नाहीतर कोल्हापूरला थांबा.

पहिला आणि शेवटचा दिवस सोडला, तर किनाऱ्यावर असताना दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वर जाऊ नका. हे मी आग्रहाने सांगतो. नकाशावर दोन गावं बोटभर अंतरावर दिसतात. मध्ये मात्र सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उंच पठार, असतो. रस्ता गावातून चढतो, जांभ्याच्या उघड्या माळावर येतो, पुन्हा वळणं घेत पुढच्या खाडीपर्यंत उतरतो आणि परत चढतो. इथले वीस किलोमीटर देशावरच्या पन्नासाएवढे धरा. आणि दीडशे किलोमीटर कापायचे ठरवले की हात आपोआप चांगल्या जागा टाळून पुढे जायला लागतो.

फेरीबोटीत दुचाकी घेतात का? बोट चुकली तर?

घेतात. बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या तिन्ही जेटींवर दुचाकी, चारचाकी, एसटीतून उतरलेली माणसं, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासेवाल्या, सगळे एकाच बोटीतून जातात. दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली. त्याआधी गुहागरला जायचं तर गाडीवाल्यांना खेड-चिपळूणचा वळसा पडायचा. दिघीलाही पलीकडच्या आगरदांड्याहून बोट येते. मुंबईहून अलिबाग-मुरुड करत येणाऱ्यांना ती सोयीची.

बोटीत चढताना मागे बसणाऱ्याने उतरून चालत यावं. लोखंडी उतार ओला आणि शेवाळलेला असतो, आणि ओझं कमी असलं की गाडी ताब्यात राहते. आत खलाशी सांगेल तिथे गाडी लावा, गिअरमध्ये ठेवा, हँडल लॉक करू नका. एकाने गाडीजवळ थांबावं. पाणी शांत असलं तरी बोट जेटीला लागताना धक्का बसतो आणि स्टँडवरची गाडी शेजारच्या गाडीवर कलंडते.

संध्याकाळची शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या मुक्कामीच विचारून ठेवा. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. चुकलीच तर वळसे ठरलेले आहेत: बागमांडल्याला चुकली तर आंबेतच्या पुलावरून, तवसाळला चुकली तर भातगावच्या पुलावरून. अंधार पडल्यावर मात्र हे वळसे घेऊ नका. जेटीच्या गावातच कुणाकडे तरी रात्र काढा.

रेवस-रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवरच्या पुलांची कामं काढली आहेत. पूल झाल्यावर गावातल्या माणसाला दवाखाना जवळ येईल, हे चांगलंच. तोवर मात्र बोटीच्या कठड्याला टेकून ती दहा-पंधरा मिनिटं घालवायला मिळताहेत, तर घ्या.

दोघांनी एकच गाडी घ्यावी की दोन?

दोन्ही करून पाहिलं. शेवटी आम्ही पुन्हा एकाच गाडीवर जायला लागलो.

दोन गाड्या असल्या की एक बंद पडली तरी दुसरी असते, आणि सामानही सुटसुटीत बसतं. पण सबंध दिवस आपण आरशातल्या दिव्याशी बोलत असतो. एका गाडीवर एकजण रस्ता बघतो आणि दुसरा बाकी सगळं: कुठे सुरूची रांग दिसते, कुठे मासे वाळत घातलेत, कुठली पाणंद खाली उतरते. आडवाटेचे किनारे मागच्या सीटवरूनच सापडतात. दर तासाने जागा बदला. हेल्मेट दोघांनाही. मागच्यालाही कायद्याने ते सक्तीचं आहे, आणि सड्यावरून अचानक गाय आडवी आली की दोघंही सारख्याच जोरात पडतात.

त्यासाठी मोठी, डोंगरात चालणारी गाडी लागते का?

नाही. आमची दीडशे सीसीची साधी गाडी आहे, अकरा वर्षं जुनी. गावातली माणसं शंभर सीसीच्या गाडीवर दोन नारळांची पोती आणि एक पोरगं घेऊन हाच चढ चढतात. टायर चांगले हवेत, ब्रेक चांगले हवेत, आणि गाडीचा आवाज कमी हवा. आवाजाचं मनापासून सांगतो. वाडीतल्या अरुंद रस्त्याला दोन्ही बाजूंनी घरं असतात, दुपारी म्हातारी माणसं पडवीत आडवी झालेली असतात.

गाडी थेट किनाऱ्यावर, वाळूवर नेता येते ना? व्हिडिओत तर सगळे नेतात.

नेऊ नका. बऱ्याच गावांनी तसे फलक लावले आहेत, पण फलक नसला तरी नेऊ नका. हे मी नेऊन झाल्यावर सांगतो आहे.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दापोली तालुक्यातली एक लांबलचक, कडक, ओली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. दुपारचे दोन वाजले होते, पाणी खूप आत होतं, आणि वाळू इतकी घट्ट की पाऊल उमटत नव्हतं. आम्ही गाडी खाली उतरवली, पार टोकाच्या खडकांपर्यंत नेली, स्टँडखाली चपटा दगड ठेवला आणि कातळावर चढून पलीकडची घळ बघायला गेलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा मागचं चाक पाण्यात होतं. वाळू कडक दिसते ती पाणी निथळलेलं असतं म्हणून. पाणी परत भरलं की तीच वाळू सैल होते. मी गाडी चालू करून गिअर टाकला आणि चाक जागच्या जागी फिरत आसापर्यंत रुतलं. मित्र मागून ढकलत होता. प्रत्येक लाटेबरोबर गाडी बोटभर आणखी खाली जात होती.

किनाऱ्यावर रापण ओढणारे पाच-सहाजण होते. त्यांनी हातातलं जाळं सोडलं नाही. ओढून पूर्ण बाहेर घेतलं, मासळी पाटीत भरली आणि मग तोच दोर घेऊन आले. एकाने हाताने चाकापुढची वाळू उपसली, दोघांनी हँडल धरलं, बाकीचे दोराला. चौथ्या हिसक्याला गाडी सुटली. पैसे पुढे केले तर त्यांतले वयाने मोठे होते ते म्हणाले, "पैशे नकोत. पुन्यांदा आणू नका हितं." पुढच्या गावात चाकाचं बेअरिंग बदलावं लागलं, महिन्याभरात चेनही.

तो दिवस वद्य सप्तमीचा होता. हे का सांगतो, ते पुढच्या उत्तरात येईल.

पण गाडी रुतते हे खरं कारण नाही. याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येते, वाळूत हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. वरून काही दिसत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी तळहातात मावणारी पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे चालू लागतात. गाडीच्या चाकाने पडलेली चर त्यांच्यासाठी खंदक असते. ती चरीत पडतात, चरीतूनच चालत राहतात, आणि तेवढ्यात ऊन चढतं किंवा कावळे येतात. वेळासच्या लोकांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीने हे काम सुरू केलं आणि वीस वर्षांपेक्षा जास्त काळ ही घरटी राखली आहेत. आधी जी अंडी चोरीला जायची, ती आता कुंपणात ठेवून पिल्लं समुद्रात सोडली जातात. फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळी आणि संध्याकाळी, हे बघायला मिळतं. आम्ही दोघं तिथे दोरीमागे उभे होतो. टोपली उचलली तेव्हा खाली सात पिल्लं होती. सहा सरळ निघाली. एक उलटं वळलं, थांबलं, मान वर केली आणि मग लाटेच्या आवाजाकडे फिरलं. शेवटच्या हातभर वाळूला त्याला दहा मिनिटं लागली असतील. कुणी बोललं नाही.

त्यानंतर गाडी कुठे थांबवायची हा प्रश्न आमच्यापुरता मिटला. सुरूच्या बनाच्या अलीकडे, शेवटच्या घराजवळ, विचारून. पुढचं पायी.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

मोबाइलवर तक्ते मिळतात, पण नेटवर्क नसलं तरी चालेल असा हिशोब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चारने भागा. येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता आमच्या सप्तमीचं बघा. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे दुपारी दोनला आम्ही वाळूवर उतरलो तेव्हा पाणी तीनेक तास चढतच होतं. लांबून ते दूर दिसत होतं इतकंच. हे गणित रापणवाल्यांपैकी एकाने आम्हाला तिथेच, ओल्या वाळूवर काडीने आकडे काढून शिकवलं.

यावरून दिवसाचा बेत बसवता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते: पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं. त्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणून संध्याकाळी लांबवर चालायला रुंद पुळण मिळते. हेदवीची बामणघळ मात्र त्याच दिवसांत भर दुपारी बघा. कातळाच्या चिरेत भरतीचं पाणी घुसतं आणि शेवटाला आपटून वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. तिच्या काठावर मात्र उभं राहू नका, कातळ कायम ओला असतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार हलत नाही, आणि ओहोटी दुपारी बाराला. तेव्हा खडकांमधली डबकी बघायला वेळ चांगला.

एक जपायचं: ओहोटीच्या वेळी टोकाच्या खडकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर जाता येतं, आणि भरती आली की ती वाट बंद होते. गेलात तर पाणी फिरायच्या आधी परत या.

पोहता येतं का?

आम्ही गुडघ्यापलीकडे जात नाही, आणि दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो आहोत. विहिरीतलं पोहणं इथे कामाला येत नाही. ज्या किनाऱ्यावर माणूस नाही तिथे वाचवणाराही नाही. खाडीच्या मुखाशी, खडकांच्या कडेला आणि जिथे लाटा फुटत नाहीत पण पाणी गढूळ दिसतं अशा पट्ट्यात पाणी आत ओढतं. तिथे अजिबात नको. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे या. दोघांनी एका वेळी पाण्यात उतरू नये, एकाने वाळूवर थांबावं. जेटीवर किंवा देवळात कुणीही भेटलं तर विचारा, "इथलं पाणी कसं आहे?" जे उत्तर मिळेल ते ऐका.

नकाशा आम्हाला भलतीकडे नेतो. वाट कशी शोधायची?

आधी नावांचे घोटाळे माहीत असू द्या. मुरुड दोन आहेत: एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात, दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात, जिथे महर्षी कर्वे वाढले. वेळासही दोन: एक दिवेआगरच्या उत्तरेला, दिघीकडे, दुसरं कासवांचं, बाणकोट खाडीच्या दक्षिणेला, मंडणगड तालुक्यात. कासवं बघायला निघालेली एक जोडी आम्हाला दिघीच्या रस्त्यावर भेटली होती. दुपार गेली त्यांची.

शेवटचा किलोमीटर नकाशाला कळत नाही. तो पाखाडीचा, म्हणजे दगडी पायवाटेचा असतो, दोन गडग्यांमधला (दगडी कुंपणांमधला), वर नारळी-पोफळींची सावली, आणि पुष्कळदा कुणाच्या तरी खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जाणारा. तिथे गाडी बंद करून विचारायचं. "काका, समुद्रावर जायला इकडून वाट आहे का? गाडी कुठे लावू?" एवढं पुरतं. उत्तर येतं, "वाईच फुडं जावा, देवळापाशी लावा," आणि बहुतेक वेळा मागोमाग प्रश्न येतो, "कुठचे तुम्ही?" त्याचं नीट उत्तर द्या. घाईने "पुणे" म्हणून पुढे जाऊ नका. आम्हाला जे किनारे सापडले ते या दुसऱ्या प्रश्नानंतरच्या बोलण्यात सापडले. बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, उघडून आत गेलात तर येता-जाता ते लावून घ्या. गुरं आत शिरली तर एका रात्रीत नारळी-पोफळीच्या वाडीची नासाडी होते.

कधी जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. कासवांसाठी फेब्रुवारी-मार्च. नाताळ ते नवीन वर्ष सोडून, आणि जमलं तर सोमवार ते शुक्रवार. शिमग्याला गेलात तर पालख्या नाचवताना बघायला मिळतील, पण राहायला जागा आधी ठरवा, मुंबईची सगळी माणसं घरी आलेली असतात. गणपतीतही तेच.

पावसाळ्यात कोकण हिरवंगार असतं, पण ती किनाऱ्याची सहल नव्हे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, फेरीबोटी हवामान बघून थांबतात, ताम्हिणीत दरडी येतात. समुद्र तेव्हा लांबून बघायचा.

राहायचं कुठे? तंबू टाकला तर?

घरगुती निवास. वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, हेदवी, मालगुंड, सगळीकडे लोक घरातल्या खोल्या देतात. आदल्या दिवशी फोन करून जेवणासह ठरवा. फोटो बघून आगाऊ पूर्ण पैसे भरू नका. एका ठिकाणी आम्हाला "समुद्राला लागून" म्हणून दिलेली खोली बाजारपेठेतल्या गोदामावर निघाली. पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर आम्ही फोनवर एकच विचारतो: घरात तुम्ही स्वतः राहता का? हो म्हणाले की जातो.

तंबू वाळूवर नको. कासवांचे महिने असतील तर मुळीच नाही, कारण उजेड दिसला की मादी अंडी न घालता परत फिरते आणि पिल्लं भलत्याच दिशेला जातात. ज्यांच्याकडे जेवता त्यांना विचारून त्यांच्या वाडीत टाका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत याच वाड्या आडव्या झाल्या होत्या. पोफळ परत उभी राहून धरायला सहा-सात वर्षं घेते. नव्याने लावलेल्या रोपांना दोर बांधू नका आणि खोडांजवळ चूल पेटवू नका.

जेवणाचं काय?

घरात सांगून ठेवा, हॉटेलं शोधत फिरू नका. सकाळी निघतानाच "दुपारी दोनला दोघं जेवायला येतो" असा पुढच्या गावात फोन केला की तेवढंच मोजून रांधतात. ऐनवेळी गेलात तर घरातल्या माणसांच्या ताटातलं तुम्हाला वाढतात. हे आमच्या लक्षात फार उशिरा आलं.

सकाळी घावन किंवा आंबोळी. दुपारी जे बंदरात आलं असेल ते: बांगडा, सौंदाळे, नशीब असेल तर सुरमई, ओहोटीला खाडीत बायका कालवं-तिसऱ्या काढताना दिसल्या तर संध्याकाळी तिसऱ्यांचं सुकं मिळेल का ते विचारा. शाकाहारी असाल तर अजिबात उणं पडत नाही. कुळथाची पिठी, गरम भात, वर कच्च्या खोबरेल तेलाची धार आणि सोलकढी. गुहागरला आणि केळशीला उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तर मिळतात. हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. जेवायला नाही तरी बघायला जा, पण बैलगाड्यांच्या आणि पाट्यांच्या वाटेत उभे राहू नका. ती त्यांच्या पोटापाण्याची वेळ असते.

खाऱ्या हवेने गाडी खराब होते का?

होते. वाळूवर नेली नाही तरी होते. मुक्कामाला पोचल्यावर विहिरीचं पाणी विचारून घ्या, बादलीभर पुरतं. मगाने चेन, चाकं, ब्रेकची तबकडी, सायलेन्सरची खालची बाजू धुवा. जोराचा फवारा नको, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. कोरड्या फडक्याने पुसा, चेनला तेल द्या, क्लचच्या वायरीला वरून दोन थेंब सोडा. हे दहा मिनिटांचं काम आमच्याकडे मित्र करतो. एकदा आळस झाला तर सकाळी चेनवर तांबूस पापुद्रा धरला होता, एका रात्रीत. घरी आल्यावर गाडी लगेच सर्व्हिसिंगला टाका आणि "समुद्रावरून आलीय" असं सांगा.

रस्ते कसे आहेत?

बरे. वळणांवर मात्र जांभ्याचा लाल बारीक खडा पसरलेला असतो आणि त्यावर चाक सरळ घसरतं. वेग वळणाच्या आधी उतरवा, वळणात ब्रेक नको. बंदराकडच्या उतारांवर, विशेषतः दोघं आणि सामान असताना, दुसऱ्या गिअरवर उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे आम्ही पाहिले आहेत. ब्रेक तापून धरेनासे होतात आणि खाली सरळ खाडी असते. अंधारात गाडी चालवू नका.

सामान किती?

दोघांत मिळून एक मोठी पिशवी आणि टाकीवरची लहान. दोन जोड कपडे, लुंगी किंवा पंचा, विजेरी, पंक्चरचं सामान आणि हवेचा हातपंप, स्पार्क प्लग, क्लचची जादा वायर, चेनचं तेल, दोन मीटर दोरी, ओआरएस, बँडेज. सगळं आधी प्लॅस्टिकमध्ये, मग पिशवीत. आणि स्टँडखाली ठेवायला पत्र्याचा एक चपटा तुकडा. वाडीतली माती मऊ असते.

पेट्रोल, पैसे, फोन?

पेट्रोल तालुक्याच्या गावी भरा आणि टाकी निम्म्यावर आली की पुन्हा भरा. ऑनलाइन पैसे जवळपास सगळीकडे चालतात, पण नेटवर्क गेलं की जेटीवर अडायला होतं, म्हणून दोन-तीन हजार रोख, दोघांच्या खिशांत वाटून. अपघात झाला तर १०८ ला फोन करा. तेव्हा गावाचं आणि वाडीचं नाव सांगता आलं पाहिजे, म्हणून येता-जाता पाट्या वाचत जा.

आम्ही दोघी मैत्रिणी आहोत. जाऊ का?

जा. माझी बहीण आणि तिची मैत्रीण दापोली ते गुहागर अशा स्कूटरवर जाऊन आल्या. तिच्या सांगण्याप्रमाणे खरी अडचण स्वच्छतागृहांची. एसटी स्टँड आणि मोठी देवळं सोडली तर मधल्या गावांत काही नसतं. त्यांनी सरळ घरात विचारलं आणि एकाही घराने नाही म्हटलं नाही. मुक्काम बाईमाणूस असलेल्या घरातच ठरवला आणि रोज उजेड असतानाच पोचल्या.

सहा दिवस एकत्र राहून मित्राशी भांडण होत नाही का?

होतं. आमचं हमखास तिसऱ्या दिवशी होतं, बहुतेक वेळा थांबायचं की पुढे जायचं यावरून. मला वाटेत उतरायची सवय, त्याला वेळेवर पोचायची. आता नियम केला आहे: ज्याच्या हातात गाडी, त्याने वेग ठरवायचा, जो मागे बसलाय, त्याने थांबा म्हटलं की थांबायचं, कारण न विचारता. पैसे एका पाकिटात सारखे टाकायचे आणि त्यातूनच खर्च करायचा. दारू पिऊन गाडी नाही, पाण्याजवळही नाही. हे निघायच्या आधी बोलून घ्या. आणि रोज तासभर वेगवेगळे बसा. तो तिकडच्या टोकाला, तुम्ही इकडच्या. आम्ही नऊ वर्षं एकत्र जातोय त्यात या तासाचा वाटा मोठा आहे.

एकच किनारा सांगायचा तर कुठला?

बुधल. गुहागर तालुक्यात, पालशेत-अडूरच्या बाजूला. सड्यावरून रस्ता खाली उतरतो तेव्हा आधी फक्त आभाळ दिसतं, मग एकदम खाली कोळ्यांची घरं, उतारावर एकाखाली एक, आणि देवीचं देऊळ. पुळण लहान आहे. मासे वाळत घातलेले असतात, त्यांच्यामधून वाकडंतिकडं चालावं लागतं.

सकाळी आठच्या आत जा, बोटी परत यायच्या वेळेला. गाडी वर ठेवा. घरांच्या आणि बायकामाणसांच्या फोटोआधी विचारा. गेल्या खेपेला एक आजी जाळ्यातली खेकडी सोडवत बसल्या होत्या. मित्र त्यांच्याशेजारी उकिडवा बसला आणि शिकायचा प्रयत्न करू लागला. नांगी कुठून धरायची ते त्यांनी त्याचं मनगट धरून दाखवलं. मी देवळाच्या पायरीवर बसून होतो. ओहोटी लागली तेव्हा आम्ही वर गाडीकडे निघालो, आणि आजींनी मागून हाक मारून विचारलं, "पुढल्या वर्षाला कधी येताव?"